वाडीच्या मेजावरची भाकर

घरातून निघताना सूनबाई म्हणाली, "आई, लोक काशीला जातात, कन्याकुमारीला जातात. तुम्ही जालन्याला काय बघायला चाललात?" मी म्हटलं, शांताला. शांता माझी लहानपणची शेजारीण. मी देवळात जाणारी, ती चर्चमध्ये जाणारी, पण चिंचा आम्ही एकाच झाडाच्या पाडल्या. पुढं ती जालन्याच्या एका पाळकांना दिली (पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू). तिचा निरोप आला होता, "मे महिन्यात हे रिटायर होणार. मग आम्ही औरंगाबादला मुलाकडे. हुरड्याच्या दिवसांत येऊन जा." आता इतक्या वर्षांनी बोलावल्यावर कोण घरात बसेल? भरली पिशवी आणि निघाले.

स्टेशनातून बाहेर आले तर जिकडेतिकडे बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या, पोती आणि मोटारसायकली. रिक्षावाल्याला म्हटलं, "जालन्यात सोड बाबा." तो हसायलाच लागला.

"मावशी, उभ्या कुठं हाय तुमी? जालन्यातच हाय की! नवीन जालना का जुना, ते सांगा."

मला काय माहीत नवीन-जुनं! म्हटलं, "एका पाळकाच्या घरी जायचंय."

"पाळकसाहेबाकडं? मंग असं बोला ना. जल्दी बसा. माझ्या पोराला डेंगी झाल्ता तवा रोज येऊन बसायचे दवाखान्यात. बिलकुल ओळख न्हवती."

भाऊजींची ओळख मला अशी रिक्षातच झाली. शांताच्या नवऱ्याला मी भाऊजी म्हणते. उंच, वाळके, पांढरा सदरा, आणि हसले की डोळे मिटतात. रात्री जेवायला बसलो तर घास तोंडात जायच्या आत दारात कोणीतरी. कोणाची सासू आजारी, कोणाचा मुलगा रुसून गेलेला. भाऊजी उठले, चपला घातल्या, लुना काढली. शांतानं ताटावर ताट पालथं घातलं. मी म्हटलं, "रोजचंच का गं?" तर म्हणाली, "ह्यांचं लग्न लागलं तेवढं मधे न उठता!"

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळचं शहरातलं उपासनेचं काम आटोपून आम्ही तिघं एस.टी.नं वाटूरला गेलो. वाटूरच्या नाक्यावर चहा घेतला आणि पुढं वाडीपर्यंत जीप. त्या वाडीत भाऊजी महिन्यातून एकदा उपासना घ्यायला जातात. जीपवाल्यानं आम्हाला असं कोंबलं की माझी एक चप्पल कोणाच्या तरी कोंबडीच्या टोपलीखाली गेली ती उतरतानाच मिळाली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसं हुरड्याला आलेली. शांताच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली बाटली होती. मला वाटलं औषध.

"काळ्या मनुकांचा रस आहे," ती म्हणाली. "प्रभुभोजनासाठी."

भाकर मोडायची, रस घ्यायचा, आणि येशूच्या मरणाची आठवण करायची, तो हा विधी. मंडळी त्याला 'मेज' म्हणतात. "पण काय गं," शांता माझ्या कानाशी आली, "दोन वर्षं झाली, दर महिन्याला मी रस करते, हे घेऊन जातात आणि परत आणतात. मग आम्ही दोघं सरबतासारखा पितो."

कारण काय, तर वाडीतले दोन भाऊ. थोरला दगडूबा, धाकटा याकोब. शेताच्या बांधावरचा कडुलिंब याकोबानं न विचारता तोडला, तेव्हापासून अबोला. भाऊजींनी सांगून टाकलेलं, हे दोघं बोलेपर्यंत वाडीत मेज नाही. स्वतःही तिथं घेत नाहीत. शहरातले मोठे लोक म्हणाले, द्या आणि मोकळे व्हा, कशाला अडून बसता? भाऊजी ऐकत नाहीत. "भावाशी तोंड फिरवून मेजाशी बसायचं, हे मला न्हाई जमत, ताई," ते जीपमधूनच मला म्हणाले. "पण जायच्या आधी एकदा तरी या वाडीत भाकर मोडावी, एवढं मागून राह्यलो देवाजवळ." हसत बोलले, पण डोळे काही मिटले नाहीत.

वाडीतलं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. चुना दिलेला, भिंतीवर निळीनं काढलेला क्रूस, दाराला तुरीच्या काड्यांची ताटी. मेजाची भाकर द्यायचा मान दगडूबाच्या घरचा, त्याच्या आज्यापासूनचा. मेज होवो न होवो, त्याची बायको कौसाबाई दर महिन्याला बिनमिठाची ज्वारीची भाकर पांढऱ्या रुमालाखाली आणून ठेवतेच. आजही ठेवलेली. आम्ही आलो म्हणून सगळे बाहेर जमले, राम राम, जय ख्रिस्त झालं, माझी चौकशी झाली, आणि तेवढ्यात आतून एक शेळी बाहेर आली. शिंगात पांढरा रुमाल.

भाकरीचा तुकडासुद्धा उरला नव्हता.

शेळी याकोबाची. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून नुकती आणलेली.

"पाळकसाहेब, बघा!" दगडूबा ओरडला. "मुद्दाम सोडली त्यानं!"

"पाळकसाहेब, त्याला सांगा," याकोब दुसरीकडे बघत म्हणाला, "शेळीला काय मेज कळतंय का?"

"त्याला म्हनावं, शेळीला न्हाई कळत, मालकाला तर कळतंय!"

मला तर धडकी भरली. इतक्या वर्षांचा मान शेळीनं खाल्लेला! आणि भाऊजी? ते हसत होते. इतके हसले की ओट्यावर बसले, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आता बराबर झालं. ज्याच्या शेळीनं खाल्ली, त्याच्या घरून भाकर. याकोबा, रत्नाला चूल पेटवायला सांग."

"मान आमचा हाय," दगडूबा म्हणाला. "आन् त्याच्या घरची भाकर मी खानार न्हाई."

"अरे, आधी भाजू तर दे तिला!"

आम्ही बायका रत्नाच्या, म्हणजे याकोबाच्या बायकोच्या, चुलीपाशी गेलो. पोर घाबरली होती. मेजाची भाकर तिनं कधी केलेली नाही. पीठ मळलं, थापायला घेतली आणि पहिली भाकर तुटली. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर कौसाबाई. पदर खोचला, परातीजवळ बसली, आणि म्हणाली, "पानी कोमट घे गं. थंड्या पान्यानं भेगा पडतात." थापली मात्र रत्नानंच. कौसाबाईनं हात लावला नाही.

उपासना झाली. मी मागं बसले होते. भाऊजींनी भाकर हातात घेतली, प्रार्थना केली, मोडली. एकेकाच्या हातात देत गेले, पण दोघं भाऊ बोलल्याशिवाय कोणी खायची नव्हती. याकोबानं घेतली. मग दगडूबा. त्याचे हात मांडीखाली.

भाऊजी तुकडा धरून उभे राहिले. पुढं सरकले नाहीत. हात काही खाली आला नाही त्यांचा. शांतानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

शेवटी दगडूबानं मान वर केली. तुकड्याकडे बघितलं. भाऊजींना नाही, थेट याकोबाला म्हणाला,

"कडंला कच्ची हाय रे."

याकोब ताडकन म्हणाला, "मंग पुढच्या बारीला वयनी आन् रत्ना मिळून भाजतील. तू फकस्त शेळी धर!"

आधी कौसाबाईच हसली. मग सगळं चर्च. दगडूबा हसला नाही, पण हात पुढं केला, तुकडा घेतला आणि खाल्ला. त्यानंतर भाऊजींनी आपला तुकडा तोंडात घातला, आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी बाटली रिकामी झाली.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, "भाऊजी, आणि त्यानं नसती घेतली तर?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा आलो असतो."

"पण मेनंतर तर तुम्ही रिटायर!"

"पगार बंद होईल, ताई," ते म्हणाले, "एस.टी. थोडीच बंद होनार हाय?"

घरी आल्यावर सूनबाईनं विचारलंच, काय पाहिलंत जालन्याला? किल्ला नाही, धबधबा नाही. मी म्हटलं, एक माणूस पाहिला गं, हातात भाकरीचा तुकडा धरून उभा राहिलेला. तिला वाटलं, म्हातारीला प्रवास बाधला. मी तिला जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.