लांब बाह्यांचे शर्ट घेऊन केजच्या बाजारात

हल्ली माझी भाची तिच्या शहरी दुकानात जुने शर्ट उसवून, ठिगळं लावून, नवीन शर्टाच्या तिप्पट भावाने विकते आणि त्याला काहीतरी चळवळ म्हणते. माझं वय झालं म्हणून मला ते समजत नाही, असं तिचं मत आहे. तर तिच्यासाठी आणि बीड जिल्ह्यात जाऊ पाहणाऱ्या तुमच्यासाठी हा जुना प्रवास लिहिते.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकवत होते. माझे यजमान, विनायक, दोन वर्षांच्या करारावर मस्कतला गेले होते आणि कपाटभर शर्ट मागे ठेवून गेले होते. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी कांताबाई आमच्या गल्लीत यायची. तिच्यापुढे मी सगळा ढीग टाकला. तिने अर्ध्या बाह्यांचे शर्ट बाजूला सारले, लांब बाह्यांचे चौदा उचलले आणि बदल्यात एक डबा पुढे केला. त्यात धड पाव किलो साखर मावली नसती.

"या बाकीच्यांनी काय पाप केलंय?" मी विचारलं.

"बायांना न्हाई चालत, बाई. हात कापतेत."

मग तिने सांगितलं. बीड जिल्ह्यातल्या केजकडच्या बायका नवऱ्यांबरोबर ऊस तोडायला जातात, तेव्हा उसाच्या पात्यांनी हात सोलून निघू नयेत म्हणून लुगड्यावर पुरुषाचा शर्ट चढवतात. कांताबाईची भाची संगीता असे शर्ट नीट करून बाजारात विकते. टोळ्या निघायला आठवडा उरला होता.

"मी येते बघायला," मी म्हटलं. शाळेला सुट्टी होती.

"तुमी? कावून?"

"डबा लहान दिलास म्हणून. एवढे शर्ट कुठे जातात ते बघू दे."

कांताबाईने संधी सोडली नाही. भाचीला निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शर्टांचं सगळं गाठोडं माझ्याच हवाली करून ती स्वतः मागे राहिली.

पुण्याहून अंबाजोगाईची एसटी नगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा करत केजला जाते. तेव्हा नऊ तास लागले. आता रस्ता बरा आहे म्हणतात. मी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. जामखेडच्या कँटीनमधला वडा खाऊ नका, चहा प्या. कंडक्टरने गाठोड्याचं वेगळं तिकीट मागितलं. शेजारच्या इसमाने दोन सीट अडवून घोरत झोप काढली, त्याचं तिकीट एकच, हे मी कंडक्टरच्या नजरेस आणून दिलं. तो म्हणाला, "गाठोडं घोरत न्हाई, म्हणून त्याचं तिकीट." मी मुकाट पैसे काढले. जामखेडच्या पुढे मात्र बालाघाटचे डोंगर सुरू होतात. दसरा तोंडावर आला होता, ज्वारी गुडघाभर होती, आणि वळणावळणाला एसटी एका अंगावर कलत होती.

संगीता केजच्या स्टँडवर घ्यायला आली होती. तिशीची, काटक, बोलताना सुई दातांत धरल्यासारखे ओठ मिटून हसणारी. घर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत माहेरहून आलेलं पायाचं शिलाई मशीन. जेवायला धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी होती. धपाटे मी चार खाल्ले. तिचा नवरा अंकुश मोजत होता.

माझ्या गाठोड्यातले शर्ट तिने रात्रीच उसवायला घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं काम पाहिलं. विरलेली कॉलर उसवून ती उलटी करून लावायची, म्हणजे झिजलेली बाजू आत. मनगटाला नाडी, म्हणजे बाही वर सरकत नाही. मोळी डोक्यावर घेताना उसाची टोकं खांद्याला टोचतात, म्हणून खांद्यावर जुन्या पॅन्टच्या जाड कापडाचं ठिगळ. आणि आतल्या बाजूने एक चोरखिसा.

"यात काय ठेवतात?" मी विचारलं.

"ज्याचा त्याचा परश्न, म्याडम," संगीता म्हणाली. "नवऱ्याला गावत न्हाई, एवढं खरं."

वीस वर्षं मी हे शर्ट इस्त्री केले होते. ते असे दिसू शकतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लहानपणी कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला शिवण शिकवलं होतं, पण ते रुमालाच्या कोपऱ्यावर फुलं काढण्यापुरतं.

मशीन चालवताचालवता तिने खरी गोष्ट सांगितली. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकटा माणूस गेला तर टोळी नेणारा मुकादम त्याला 'अर्धा कोयता' म्हणून लिहितो. संगीता लग्नापासून नऊ हंगाम गेली होती. यंदा ती अंकुशला म्हणाली होती, की माझ्या गाठोड्यासकट साठ शर्ट तयार होतील. आजच्या बाजारात संपले तर ती मशीनवर बसेल आणि तो एकटा जाईल. नाही संपले तर ती कोयता उचलेल. हंगामाआधीचा हा शेवटचा बाजार होता, आणि संध्याकाळी मुकादम नावं लिहायला येणार होता.

"अर्धा?" मी चिडले. "माणसाला अर्धा म्हणतात?"

"तुमी रागावता कावून? मी नसले की त्यो अर्धा. म्हंजी दुसरा अर्धा मीच की."

बाजारात तिने चादर अंथरली आणि शर्ट मांडले. तासाभरात बायकांचा गराडा पडला. त्या ओढून पाहत, शिवणीला नख लावत, एकमेकींच्या अंगाला धरत. मला राहवेना, मीही विकायला लागले. निळ्या चौकड्यांचा शर्ट हातात घेऊन एका म्हातारीने विचारलं, "कुणाचा हाय ओ ह्यो सदरा? चांगल्या घरचा दिसतुया."

"आमच्या यजमानांचा," मी अभिमानाने म्हणाले. "हे गेले, मग मी कपाट रिकामं केलं."

म्हातारीने शर्ट खाली ठेवला. फेकला नाही, हळूच ठेवला. मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "कधी गेले, बाई?"

"मे महिन्यात."

चारपाच जणींनी एकदम हळहळ केली. पुढच्या दोन मिनिटांत चादरीभोवती कुणी उरलं नाही. काय झालं ते मला कळेना. संगीता मात्र पांढरी पडली होती.

"म्याडम, तुमचे साहेब वारले?"

"छे! मस्कतला आहेत."

"मग 'गेले' कावून म्हणलात?"

वाचकहो, आमच्या घरात मेपासून सगळे "हे गेले" असंच म्हणत होते आणि कुणी टिपं गाळली नव्हती. पण मेलेल्या माणसाचा कपडा अंगावर घालून कोयता हातात धरायला कुठलीही बाई तयार होणार नाही. आणि एक शर्ट मेलेल्याचा निघाला की साठही मेलेल्यांचेच. मी त्या बायकांच्या मागे गेले, समजावू लागले. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मी टिकली लावत नाही. गळ्यात मंगळसूत्र घालत नाही. का, ते मी आजवर अनेकांना तावातावाने सांगितलं आहे, पण केजच्या बाजारात ते भाषण काही कामाचं नव्हतं.

"नवरा हाय म्हणती अन् कपाळ बोडकं," एक म्हणाली.

"जाऊ दे गं, दुःखानं भरमिष्ट झाली आसंल," दुसरी म्हणाली.

मी संगीताकडे पाहिलं. ती शर्टांच्या घड्या घालत होती. रडत नव्हती, रागवत नव्हती, एकावर एक घड्या ठेवत होती. तिने जर मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाजाराच्या तोंडाशी पिवळा एसटीडी-आयएसडी बूथ होता. मी त्या म्हातारीचा, तिचं नाव तानूबाई, हात धरला आणि म्हटलं, "चला माझ्याबरोबर." तिच्यामागे सहासात जणी आल्या, फुकटचा तमाशा कोण सोडतो. काचेच्या त्या खोक्यात दोघी मावतात. आम्ही पाच शिरलो, बाकीच्या दारात. लाल आकडे पळू लागले. विनायक त्यांच्या साइट ऑफिसात सापडले.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. तुम्ही जिवंत आहात, एवढं या बाईंना सांगा."

मी रिसीव्हर तानूबाईच्या कानाला लावला. तिने तो आधी उलटा धरला, मग ओरडली, "ओ साहेब, तुमी जित्ते हाव का?"

आमचे हे परदेशातून बोलताना आवाज स्वतःच्याच ताकदीने पोचवायचा असल्यासारखे बोलतात. दारातल्या बायकांनाही स्पष्ट ऐकू आलं. "कोण बोलतंय?"

"केजच्या बाजारातून बोलते मी. तुमचे सदरे हितं इकाया काढल्यात."

"माझे शर्ट? कुणाला विचारून? त्यात निळ्या चौकड्यांचा आहे का? तो विकायचा नाही. ऐकताय का, तो बाजूला ठेवा आधी."

तानूबाईने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि दाराकडे वळून निकाल सांगितला. "जित्ता हाय. अन् लई तापलाय."

निळ्या चौकड्यांचा शर्ट तिनेच घेतला. मालक जिवंत असून वर ओरडतोय, यापेक्षा चांगला शकुन नाही, असं तिचं म्हणणं. बातमी आमच्याआधी चादरीपाशी पोचली होती. बायका आता शर्ट उचलून विचारत होत्या, "ह्यो बी त्याच साहेबाचा का?" आणि संगीता कशालाही हो म्हणत होती. दिवस कलायच्या आत चादर रिकामी झाली. त्या फोनच्या पैशांत कांताबाईकडून पाण्याचा हंडा आला असता. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मुकादम मोटारसायकलवर आला. उतरलाही नाही.

"अंकुश, लिहू का जोडी?"

अंकुशने संगीताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आर्धा लिहा."

"आन् बायको काय करती बे?"

"सदरे शिवती."

"नवऱ्याला सोडून सदरे?"

"तुमच्या टोळीच्याच बायांनी नेल्यात आज," अंकुश म्हणाला. "इचारा त्यांला."

मुकादमाने लिहिलं आणि गाडी वळवली. अंकुश उंबऱ्यात बसून कोयत्याला धार लावू लागला. एकट्याने हंगाम काढणं सोपं नसतं, आणि ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मी जीपने अंबाजोगाईला गेले. पुढच्या सीटचा हट्ट धरा, मागे चौदा जण कोंबतात. योगेश्वरीचं दर्शन घेतलं, मेडिकल कॉलेजच्या बाहेर चहा घेतला आणि पुण्याची गाडी पकडली.

घरी आल्यावर काय उरलं? विनायकांचा तीन पानी निषेध, पत्राने. शिवाय सोसायटीभर फिरून लांब बाह्यांचे शर्ट मागायची सवय, जी नोकरी संपली तरी सुटली नाही. मी कांताबाईला गाठोडी देत राहिले, ती केजला पाठवत राहिली. पण मनात एक शंका होती. टोळ्या गेल्या की गावं रिकामी होतात. मग हे शर्ट घेणार कोण?

जानेवारीत संगीताचं पोस्टकार्ड आलं. अंकुशने ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला होता, की फडावर दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेल्या बायका आपल्या बायकांचे शर्ट बघून तसेच मागतायत. म्हणून नऊ हंगाम टोळीच्या ट्रकमध्ये कोंबून गेलेली ती यंदा पहिल्यांदा एसटीच्या सीटवर बसून, तिकीट काढून, उसाच्या फडावर गेली होती. चाळीस शर्ट नेले होते, सगळे तिथेच संपले. दुपारी अंकुशबरोबर भाकरी खाल्ली, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परत आली.