हेडफोनवर वाजणारी डबी

मी लग्नाच्या हळदीत वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. सरावाला, प्रवासाला बॅगेत मावेल असा, गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प हवा होता. शेणवे गावात एकाकडे दोन जुने विकायला आहेत असं कळलं, म्हणून गेलो. एक छोट्या स्पीकरचा होता. दुसरी तळहाताएवढी डबी, तिच्यातून मोठमोठ्या अ‍ॅम्पचे आवाज निघत, पण फक्त हेडफोनवर. आई अंथरुणाला खिळलेली, तिला त्रास नको म्हणून मला डबीच हवी होती.

तो वाजवून दाखवू लागला. हेडफोन एकाच कानावर. मध्येच तारांवर तळवा ठेवून तो मागच्या दाराकडे बघे.

"काय आवाज आला का रे?"

"नाही. का?"

"पोरगी हिरीत पडली होती. हाका मारत होती नि माझे दोनी कान बंद. शेजारणीनं काढली, म्हनून वाचली."

तेवढ्यात मागून हाक आली, "बाबा, पानी दे ना!" गिटार टाकून तो धावला. परतल्यावर त्याने मागचं दार उघडंच ठेवलं.

मला घरी एकटी असलेली आई आठवली. मी स्पीकरवाला उचलला, मिळेल त्या जीपने घर गाठलं. आई झोपली होती. तिचा श्वास ऐकू येईपर्यंत मी दारातच उभा राहिलो.