दुमडलेले कोपरे

...तर आली आणि पंख्याखाली नुसती बसली. चप्पलसुद्धा काढली नाही. अगं, तुझी मावशीआजी, माझी धाकटी बहीण, दुसरी कोण. दवाखान्यात काउंटरवर सव्वीस वर्षं झाली तिला. आलेल्याचं कार्ड काढायचं, डॉक्टरांकडे पाठवायचं, परत कप्प्यात ठेवायचं. खालच्या कप्प्यांपायी गुडघे गेले तिचे.

तिची एक पद्धत होती, ते तुझ्या शाळेच्या वहीत नीट लिही. कुणाला ती नेहमीची सुई मानवली नाही, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, की त्याच्या कार्डाचा वरचा कोपरा ती दुमडायची. लिहायचं काही नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांनीच शिकवलेलं. कोपरा दिसला की ते दुसरं औषध द्यायचे. माझाही दुमडलेला आहे.

मग म्हातारे घरी बसले आणि त्यांचा मुलगा खुर्चीवर आला. त्यानं कॉम्प्युटर आणला. दोन मुली येऊन सगळी कार्डं बघून टाइप करून गेल्या. नाव, वय, ताप, खोकला, सगळं. पण कोपरा कोण टाइप करणार?

या सोमवारी त्या कॉम्प्युटरमध्ये नवीन सोय आली. न मानवणारं औषध लिहिलं की म्हणे लाल पट्टी येते. डॉक्टर खुशीत. "मावशी, आता तुमच्या डोक्याला ताप नाही. शनिवारी कार्डं रद्दीत."

ही म्हणाली, "माझ्या ताईचं नाव काढा बरं. आणि लिहा ती सुई."

त्यानं लिहिलं. लाल नाही, पिवळं नाही, काही नाही. वर लिहून आलं, कुठल्याही औषधाचा त्रास नाही.

"त्या सुईनं ताई जाता जाता राहिली होती," ही म्हणाली.

त्यानं परत एकदा लिहून बघितलं. मग म्हणतो, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठं विचारलंत? मला वाटलं, कोपऱ्याचं तुम्हाला घरूनच ठाऊक असेल."

तेव्हापासून दोघं बसलेत. ही कार्ड काढते, तो दोन बोटांनी टाइप करतो. चार हजार कार्डं, बाळा. तिची मान वळत नाहीये. दुमडलेली दोनशेच्या वर निघाली. पण एकोणीस अशी आहेत, की कोपरा मऊ पडलाय. हिनं दुमडला होता की हाताळून हाताळून झिजला, तिलाच सांगता येईना.

डॉक्टर म्हणाला, "सगळ्यांना त्रास आहे असंच लिहू."

"आणि उद्या तीच सुई लागली तर? खोट्या पट्टीपायी द्यायची नाही?"

मग फोन लावत बसली. नंबर जुने, कुणी उचलत नाही, कुणी म्हणतं नंबर चुकला. चौदा मिळाले. पाच राहिलेत आणि आज गुरुवार. पाणी दिलं तर म्हणते, "ताई, मीच दुमडले आणि मलाच आठवत नाही." जेवलीसुद्धा नाही धड.

त्या पाचांत तुझ्या शाळेच्या बसवाल्याची बायको आहे. उद्या चढताना त्याला सांग, तुमच्या बायकोला कधी सुई दिल्यावर गांधी उठल्या होत्या का, ते तिला विचारा आणि शनिवारच्या आत दवाखान्यात कळवा. नसतील उठल्या, तरी कळवा म्हणावं.