आमच्या साडूंच्या कादंबरीची पातळी

जगात कादंबरीकार पुष्कळ असतील, पण न लिहिण्यासाठी आमच्या साडूंइतके कष्ट उपसणारा कादंबरीकार दुसरा होणे नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्यांची सगळी नोकरी भातसानगरला धरणाच्या पाण्याची पातळी मोजण्यात गेली. निवृत्त झाले, सापगावात घर बांधलं आणि वास्तुशांतीचा मांडव उतरायच्या आत कादंबरीला बसले. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मुरबाडला मला त्यांचा फोन येतो आणि पूर्वी वरच्या ऑफिसला ज्या आवाजात कळवायचे, त्याच आवाजात ते आठवड्याची प्रगती कळवतात. लिहिलेल्या कागदांची चळत ते फूटपट्टीनं मोजतात. "आवक बरी होती, पण शुक्रवारी विसर्ग करावा लागला. पातळी स्थिर आहे," असं सांगून ते फोन ठेवतात. विसर्ग म्हणजे फाडलेले कागद. त्यांच्यावर ताई, म्हणजे माझी मेव्हणी, आंघोळीचा बंब पेटवते आणि नवऱ्याचं लेखन उगाच वाया जातं असं कुणी म्हटलेलं तिला खपत नाही.

मुरबाडला माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, त्यामुळे या कादंबरीच्या बांधकामाचा माल माझ्याकडून जातो. पेन घ्यायला येणारी माणसं कागदाच्या तुकड्यावर स्वतःची सही करून बघतात. आमचे साडू कादंबरीचं पहिलं वाक्य लिहून बघतात. 'त्या वर्षी गावात लग्नं फार ठरली.' दुकानातल्या प्रत्येक चिठोऱ्यावर हे वाक्य आहे, आणि गिऱ्हाइकं आता मला पुढं काय झालं म्हणून विचारतात. मी म्हणतो, अजून पेन ठरतंय. कल्याणला नोकरी करणाऱ्या लेकीनं त्यांना एक लॅपटॉप आणून दिला. त्यांनी हात धुऊन तो उघडला, ताईला बोलावून दाखवला, बंद केला आणि त्याच्यावर कागदांची चळत ठेवली. टेबलापेक्षा तो सपाट आहे, मोजमाप चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. शाईचाही त्यांचा एक नेम आहे. कादंबरीतलं जे माणूस खरोखर हयात आहे त्याच्याबद्दल निळ्या शाईत लिहायचं, गेलेल्याबद्दल काळ्या. मध्येच कुणी वारलं, की हातातलं लेखन टाकून साडू आधी त्याच्या दहाव्याला जातात आणि परत आल्यावर त्याची सगळी पानं काळ्या शाईत पुन्हा उतरवून काढतात. त्या आठवड्यातही पातळी स्थिर राहते. मी मनातल्या मनात हात जोडतो. एवढी निष्ठा मला माझ्या धंद्यातसुद्धा दाखवता आलेली नाही.

ही माणसं खरी आहेत, कारण कादंबरी आहे त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाची, आणि ते गाव आमच्या सासूबाईंचं. आईंना मुलगा नाही, त्या साडूंकडेच असतात. दर रविवारी जेवणं आटपली की साडू ओटीवर त्यांच्या खाटेजवळ बसून आठवड्याचं लेखन वाचून दाखवतात, आणि मीही मोटरसायकल काढून ऐकायला जातो. ही गोष्ट त्या गावातून उठून आलेल्या माणसांना कळली आणि साडूंच्या एकांताचे बारा वाजले. रविवारी सकाळपासूनच माणसं यायला लागली. कुणाला आपला आंबा घालून हवा होता, कुणाला विहीर. एक म्हातारे तर चहा पिता पिता म्हणाले, "सगल्यांचं लिवलंस, आमची म्हस नाय घेतलीस ती?" नाही म्हणणं साडूंच्या स्वभावात नाही. म्हैस आली. आता कादंबरीत चाललंय नायकाचं लग्न, आणि येणारा प्रत्येक जण त्या लग्नाला येऊन बसतो. मी ऐकतोय तेव्हापासून तो नायक अंगाला हळद लावून पाटावरच बसलेला आहे. मंगलाष्टकं काही सुरू होत नाहीत.

पाहुणेमंडळींमुळे हे चाललंय अशी माझी बरेच दिवस समजूत होती. एकदा ताईनंच मला सांगितलं, की लग्न लागलं की पुढच्या प्रकरणात पाणी येतं. मग मला उलगडा झाला. साडू ताईला बघायला आले तेव्हा गावची माणसं आईंना म्हणाली होती, या पाण्याच्या माणसाला पोर कशी देतेस? आईंनी दिली, आणि पुढे त्याबद्दल जन्मात एक शब्द काढला नाही. त्या कधीतरी बोलल्या असत्या तर साडूंना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. जिनं काही न बोलता आपल्याला जावई केलं, तिच्या समोर बसून तिचं घर बुडवायचं कसं? म्हणून हा माणूस पेनं बदलत होता, म्हशी आणत होता आणि दोन बोटांत धरलेल्या पेनानं सबंध धरण अडवून बसला होता. मी थक्क झालो. आणि काळजीतही पडलो, कारण आईंचं वय झालं होतं आणि त्या थंडीत त्या खाटेवरून फारशा उठत नव्हत्या.

त्याच थंडीतल्या एका रविवारी साडू वाचत होते. लग्नाला आणखी एक बैलगाडी आली होती. आईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"जावयबापू, लय झाली वऱ्हाडी. आता येऊ द्या पानी."

साडू गडबडले. घाई काय आहे, अजून तुमच्या माहेरची माणसं यायची आहेत, असं काहीतरी म्हणाले.

"तुमी माज्यासाठी थांबलाव, ते काय मला कळत नाय? पन मी हाय तवर आना. माज्या माघारी तुमाला कोन सांगंल, पयलं पानी कुठं शिरलं ते?"

आणि त्या सांगायला लागल्या. साडू लिहायला लागले. गुडघ्यावर नवा कागद, मान वर नाही, खाडाखोड नाही. असं लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाणी गाजावाजा करत आलं नव्हतं. दिवसाउजेडी, ऊन असताना, ते खालच्या खाचरात येऊन उभं राहिलं आणि पोरं त्यात खेळायला धावली. मग ते बांध ओलांडून वर आलं. आईंच्या घरचं सामान गाडीत भरून झालं होतं, बैल जुंपले होते, आमचे सासरे हाका मारत होते, आणि आई आत घर सारवत होत्या. ओटी, माजघर, चूल, सगळं सारवून झालं तेव्हा त्या गाडीत बसल्या.

साडूंचा हात थांबला. बुडणारं घर सारवलंत कशाला, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

"येनारा नको असला तरी पावनाच ना तो," आई म्हणाल्या. "त्याच्या म्होरं घर पारोसं कसं ठेवायचं?"

ताई दारात उभी होती, ती आत निघून गेली. साडूंनी ते वाक्य आईंच्याच शब्दांत उतरवलं, एकही अक्षर न बदलता. मग आईंनी ते सगळं पहिल्यापासून वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. मध्ये एकदा थांबून पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. आई डोळे मिटून ऐकत होत्या. सारवण्याची ओळ आली तेव्हा त्यांचा उजवा हात खाटेवरच्या गोधडीवर अर्धगोल फिरायला लागला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. साडू वाचायचे थांबले, कागद मांडीवर ठेवून बघत राहिले, तरी तो हात फिरतच होता.