केपीचा मुहूर्त

मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला नाही, हे आधीच सांगतो. कुणी भुताखेताचं बोलू लागलं की मी त्याची उलटतपासणी घेतो... आज तुम्ही माझी घ्या. लिहिताना लाज वाटतेय, पण ती भुताची नाही.

शारजात अल नहदाला, चौदाव्या मजल्यावर राहतो. छंद एकच — सूर्यावर स्फोट झाला की पृथ्वीवर चुंबकीय वादळ कधी येणार, अरोरा म्हणजे ध्रुवीय प्रकाश कुठे दिसणार, याचे अंदाज बांधायचे. वादळाच्या जोराला केपी म्हणतात, शून्य ते नऊ. आमच्या वसंतकाकांचंही एक केपी आहे, ज्योतिषातलं. त्यावरून मी त्यांना इतकं छळलंय की ते माझ्याशी बोलेनासे झालेत.

आई भूगोलाची शिक्षिका होती. जन्मभर मुलांना ध्रुवीय प्रकाश शिकवला, स्वतः कधी पाहिला नाही. काचबिंदूने नजर जाऊ लागली तेव्हा मी तिला नॉर्वेला न्यायचं कबूल केलं. पण दर हिवाळ्यात थांबलो. आत्ता केपी कमी आहे, पुढच्या महिन्यात बघू... ती एकदाच म्हणाली, "काय रे, तुझ्याही केपीत मुहूर्त निघत नाही?" मी हसण्यावारी नेलं. शेवटी तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं.

गेल्या जानेवारीत ती आमच्याकडे होती. ऑफिसमधले तिघं जेवायला आले होते. मी त्यांना ऐटीत सांगत होतो, "आज केपी एक. कुठेही काही दिसणार नाही." तेवढ्यात बाल्कनीतून आई म्हणाली, "आलं बघ! हिरवं... डावीकडून सरकतंय. मधे तुटलं. आता जुळलं — खालची कड गुलाबी झाली रे!"

समोर नुसते टॉवर आणि खाली ट्रॅफिक. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"आई, खलास! पुरे आता!" मी ओरडलो. "तुला हातातला कप दिसत नाही, आणि शारजातून अरोरा दिसतो?"

ती भिंत चाचपत आत गेली. कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून मी घड्याळाकडे बघत राहिलो. आठ बावन्न.

पाहुणे गेल्यावर फोन पाहिला. नॉर्वेतल्या मित्राने व्हिडिओ पाठवला होता. "तुझं केपी झोपलंय का? अचानक सुरू झालं!" हिरवा पट्टा डावीकडून सरकला, मधे तुटला, जुळला, खालून गुलाबी झाला. व्हिडिओची वेळ आमच्या घड्याळाने आठ बावन्न.

मुलगी मागून बघत होती. "बाबा, दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट आजी सेड!"

"आजीला सांगू नकोस."

"व्हाय नॉट?"

"मी सांगतो उद्या."

सांगितलं नाही. चार माणसांसमोर बोललेलं परत घ्यायचं माझ्या जिवावर आलं.

नजर गेलेल्यांना भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. होत असतील. पण हजारो मैलांवरच्या आकाशाशी तो भास त्याच मिनिटाला कसा जुळला, हे मला आजही सांगता येत नाही.

आई आता पुण्यात असते. परवा फोनवर म्हणाली, "त्या दिवशी पाहुण्यांसमोर काहीतरी बरळले रे मी. तुला खाली मान घालायला लागली."

व्हिडिओ त्याच फोनमध्ये होता. मी म्हणालो, "असू दे गं, आई."