‘ठाऊक-नाही’ बाई

दोडोमा शहराच्या पुढं, बाओबाब झाडांच्या माळावरल्या लहानशा दवाखान्यात म्वाजा मालोगो एकवीस वर्षं रक्त तपासत होती. गावानं तिचं नाव पाडलं होतं ‘ठाऊक-नाही बाई’. रक्ताच्या काचेवर जंतू दिसला नाही की ती तसंच लिहायची, आणि मग ताप कशाचा असं कुणी विचारलं तर ‘ठाऊक नाही’ म्हणून मोकळी व्हायची. एवढं मोठं सूक्ष्मदर्शक यंत्र पुढ्यात घेऊन बसणाऱ्या बाईला काही ठाऊक नसावं, याचं लोकांना भारी हसू यायचं. हसणाऱ्यांना काय जातंय!

ही खोड तिची जन्मजात नव्हे. नोकरी नवी असताना एका गुराख्याच्या रक्तात काही नव्हतं, तरी तिनं ‘मलेरिया’ लिहिलं, कारण तेव्हाच्या डॉक्टरांना तेच हवं होतं. गुराखी मलेरियाच्या गोळ्या खात खात मेंदूज्वरानं गेला. कागद चोख होता, म्हणून तिला कुणी बोललं नाही. तिनं मात्र कानाला खडा लावला.

पुढं, नोकरीच्या एकविसाव्या वर्षी, काबुला दवाखान्यात आली. दूर म्वान्झाकडची, सुकुमा जमातीची पोर, लग्न होऊन इथल्या गोगो जमातीच्या घरात पडलेली, पाच महिन्यांची पोटुशी. सासरचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं आणि सपाट धाब्याचं. नवऱ्याबरोबर तिथं राहायला येऊन दोन महिने झाले नाहीत तोच ती तापानं फणफणली. ताप चार दिवस राहायचा, आपसूक उतरायचा, आठवड्यानं पुन्हा चढायचा. दोनदा म्वाजानं काच तपासली, दोन्हीदा कोरी. आत्ताच्या शिरिमा डॉक्टरांनी दोन्हीदा मलेरियाच्याच गोळ्या दिल्या.

तिसऱ्या खेपेला पोरीचे डोळे खोल गेले होते. काच पुन्हा कोरी निघाली.

“अहो म्वाजाताई, नीट बघा की,” शिरिमा वैतागून म्हणाले. “एखादा तरी जंतू असेलच. लिहून टाका, म्हणजे मला जालीम औषध चालू करता येईल. आणखी एक ताप आला तर पोटातलं मूल राहायचं नाही.”

“नसलेलं कसं लिहू, डॉक्टर?”

“मग आहे काय हे?”

“ठाऊक नाही.”

“झालं! एकवीस वर्षं तेच ऐकतोय गाव.”

काबुलाची सासू, म्सिन्याती आजी, भिंतीला टेकून बसली होती. ती करवादली, “पोर नाजूक आहे, दुसरं काय! आम्हाला कधी होतं का काही? घराच्या भिंतींतले गोचीड ओळखतात आम्हाला. मी लेकीकडं महिनाभर जाते तेव्हा चार गोचीड कापडाच्या गाठीत बांधून नेते. त्यांचं चावणं सुटलं की परतल्यावर ताप येतो माणसाला.”

“आजी, कोंबड्या संपल्या म्हणून गोचीड पाळता होय?” शिरिमा खो खो हसले.

म्वाजाही हसली असती. तिची आईसुद्धा अशीच गाठ बांधायची, आणि शाळा शिकल्यापासून म्वाजाला त्याची लाज वाटत आली होती. पण आज ती खुर्ची ओढून आजीपुढं बसली.

“आजी, ताप येतो म्हणजे कसा येतो?”

“येतो, जातो, परत येतो. हिच्यासारखाच.”

“काबुला, आज ताप आहे तुला?”

“आज कुठला? ताप असताना एवढं चालवेल का मला? उतरल्यावरच येते.”

तीनही वेळा म्वाजानं रक्त घेतलं होतं ते ताप उतरल्यावर, जंतू रक्तातून दडून बसल्यावर! सगळं गाव असंच येतं, अंगात त्राण असेल त्या दिवशी, आणि हे तिला एकवीस वर्षांत सुचू नये? “डॉक्टर, चूक माझी आहे,” ती म्हणाली. “ताप चढू दे. मी घरी जाऊन रक्त घेते.”

पाचव्या दिवशी ताप चढल्याचा निरोप आला. भाड्याच्या मोटारसायकलवर बसून ती गेली, पोरीच्या चटका देणाऱ्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन आली. काच रंगवली आणि बघत बसली. तासभर काही नाही. मग तांबड्या पेशींच्या मध्ये एक बारीक, नागमोडी जांभळा धागा दिसला. पुढं आणखी एक. मग पाच. गोचिडांच्या चाव्यातून येणारा ताप.

तिनं शिरिमांना हाक मारली. ते यंत्रावर वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. “मी हे पुस्तकाबाहेर कधी पाहिलं नव्हतं,” ते हळूच म्हणाले आणि पेनिसिलिन काढायला स्वतः उठले.

हे आजीला कळलं तेव्हा ती म्हणाली, “तुम्हाला आत्ता दिसलं होय? मला साठ वर्षं चावतंय ते!”

पण खरी परीक्षा आठवड्यानं होती. म्वाजा बोटांवर दिवस मोजत होती. आठव्या दिवशी काही तिला राहवेना. ती काबुलाच्या घरी गेली. पोर अंगणात उभी राहून नवऱ्याला फैलावर घेत होती, बाज गोचीड नसलेल्या नव्या विटांच्या खोलीत हलवली, ती तिरकी लावली म्हणून. कपाळ थंडगार होतं. पोटातलं मूल लाथा मारत होतं. म्वाजा तिथंच मातीत बसली आणि ढसाढसा रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“माफ कर ग पोरी. तीनदा आलीस, तीनदा तुला रिकामी पाठवली.”

“रिकामी कुठं?” काबुला म्हणाली. “तुम्ही दरवेळी ठाऊक नाही म्हणालात, म्हणून तर मी परत येत राहिले. मलेरियाच म्हणाला असतात, तर त्याच गोळ्या खात घरीच पडले असते.”