बारमाही विहीर

मी आठवीतून शाळा सोडली. त्यामुळे शहराचा कचरा कुठं टाकायचा हे शिकलेली माणसं कशी ठरवतात, ते मला फार उशिरा कळलं. जीप घेऊन येतात, डोक्याला रुमाल बांधतात, ऊन सोसेल तिथवर चालतात आणि परत फिरतात. बाकीचं कागद बघून घेतो.

आज मी घरापासून लांब सुरतेत ट्रक चालवतो. पण तेव्हा जळकोटकडचं गाव सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलो होतो आणि नायगावच्या बाजूला पाण्याचा टँकर चालवत होतो. टँकर गावच्या कोरड्या विहिरीत सोडायचा आणि बायकांनी ते पाणी पुन्हा दोरीनं शेंदायचं, अशी तिथली उन्हाळ्याची रीत. टँकर रिकामा होईपर्यंत मी विहिरीजवळच्या टपरीवर बसायचो. टपरीवाली मावशी नात्याची नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "जेवलास का रं?" आणि ज्वारीची भाकर पुढं केली. परक्या मुलखात असं विचारणाऱ्या माणसाला मी आजही विसरत नाही.

मग बातमी आली की शहराच्या कचऱ्यासाठी गावचं गायरान बघून ठेवलंय. माळरान पाहिजे, वस्ती लांब पाहिजे, जवळ पाणी नको.

"पानी नसल्याली जागा हुडकायला इकडं साहेब लागतोय?" मावशी हसत सुटली. "डोळे झाकून खडा मार की!"

सरपंच मात्र घामाघूम. "हसू नका, मावशी. गायरानाला लागून चालू विहीर दिसली तरच जागा बाद हुती म्हणं."

"विहीर हाय की."

"कोरडी हाय ना!"

एवढं बोलून दोघांनी माझ्याकडं बघितलं. मालकाला कळलं तर नोकरी जाणार. पण मला वेगळं काहीच करायचं नव्हतं. टँकर रोजच्यासारखाच सोडायचा होता. फक्त साहेब येईपर्यंत गावानं शेंदायचं नाही, घरातल्या घागरींवर भागवायचं. सरपंचानं विहिरीवर दोन माणसं बसवली, गावच्या विहिरीची गावच्याच बायकांपासून राखण करायला. लेकरं तहानेनं किरकिरली, म्हशी ओरडल्या, पण विहीर भरत गेली.

साहेब आले. मी टँकर शाळेमागं लपवून टपरीत बसलो होतो. साहेबांनी विहिरीत वाकून बघितलं.

"बारमाही हाय साहेब," सरपंच म्हणाला. "उन्हाळ्यात बी आटत न्हाई."

साहेबांसोबत तलाठी भाऊसाहेब होते. विहीर ठणठणीत कोरडी असल्याचा पंचनामा त्यांनीच केला होता, तेव्हाच तर टँकर आला होता. ते आभाळाकडं बघत राहिले. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं.

"आणि ही काठावरची ओल?" साहेबांनी विचारलं.

"झरे हैत साहेब. वरून बी पाझरत्यात."

साहेबांनी मान डोलावली. पाणी वरून कसं पाझरतं, हे एवढ्या शिकलेल्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही. मावशीनं तांब्या पुढं केला, "प्या की पोटभर. आमच्याकडं पान्याला काय कमी हाय!"

जागा बाद झाली. सरपंचानं जिलेबी वाटली. जिलेबी पचायच्या आत टँकर बंद झाला. बारमाही विहीर असलेल्या गावाला टँकर कशाला?

सरपंच तालुक्याला जाऊन आला तो टपरीवर मटकन बसला. "तुमच्याच तोंडानं बारमाही म्हणलाव, म्हणत्यात."

"मग सांग की कोरडी हाय म्हणून."

"कोरडी म्हणलं की कचरा येतोय, मावशी."

मावशीनं त्याच्यापुढं तांब्या ठेवला. मग म्हणाली, "लई शिकल्याले हैत गा."

माझ्या मालकानं मला घरी बसवलं नाही, त्याचे उपकार मानतो. कचऱ्याच्या गाडीवर घातलं. साहेबांची समिती अजून जागाच शोधत होती आणि शहर काही कचरा करायचं थांबलं नव्हतं. मुकादम रोज नवीन ठिकाण सांगायचा. एके दिवशी त्यानं त्याच गायरानाचं नाव घेतलं.

"ती जागा बाद झालीय ना?" मी घाबरत विचारलं.

"म्हणून तर! बाद जागा बघायला कोन येतंय?"

गायरानाच्या वळणावर मावशी दिसली. डोक्यावर घागर, हातात कळशी, लांबच्या शेतातून पाणी घेऊन येत होती. लांबून तिनं मलाच ओळखलं, गाडी ओळखली नाही. हसून ओरडली, "टँकर चालू झाला का रं?"

मी गाडी थांबवली. वास आला तशी तिनं पदर नाकाला लावला. वाटलं, आता शिव्या देईल. तिनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"जेवलास का रं?"

मी गाडी वळवली आणि भरलेली तशीच परत आणून मुकादमापुढं उभी केली.

"काय झालं?"

"जागा पसंत पडली नाही."

"तू कोन रे जागा पसंत करनारा? आठवी नापास!"

त्यानं तिथल्या तिथं चावी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ती गाडी दुसऱ्या कुणीतरी नेली. कुठं रिकामी केली, ते एक मावशीच सांगू शकेल. तिचा नंबर माझ्याकडं आहे. फोन करायचं अजून धाडस होत नाही.